घसारा

नेब्रास्कात एप्रिलला गारा पडतात,
लिंबाएवढ्या, कधी मुठीएवढ्या,
आणि सकाळी आठला माझ्या पडद्यावर
एकशे त्रेचाळीस छपरं.

काल एकशे एकोणीस होती.
सतरा मी मिटवून घरी गेले,
रात्रीत एक्केचाळीस उगवली.

हेडफोनचा डावा कान आठवडाभर मुका आहे.
नव्यासाठी अर्ज, अर्जाला मंजुरी, मंजुरी शिकागोहून.
तोवर उजव्या कानाने ऐकते:
ग्रँड आयलंडची नर्स, कार्नीचा शाळामास्तर
आणि रोज सव्वादहाच्या ठोक्याला
ओटकर व्हाव्रा, वय त्र्याऐंशी.
छपराबद्दल ते फारसं बोलतच नाहीत.
पियानो भिजलाय. बायकोचा.
बायको गेल्या हिवाळ्यात गेली.

"मला तुमची अडचण समजते."
हे पहिल्या तीस सेकंदांत म्हणायचं.
एकतिसाव्याला म्हटलं
तर सहानुभूतीचे पाच गुण कापतात.

मी रकाने भरते.
खरेदी: एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.
घसारा: नव्वद टक्के.
ते विचारतात, तुम्हाला वाजवता येतो का हो?
ठरलेली सात मिनिटं होऊन गेलेली असतात.
नाही येत, म्हणते मी,
आई चर्चमध्ये वाजवायची. खोटे सूर लागायचे.
ते हसतात.
अकरा मिनिटं. माझ्या नावापुढे तांबडी खूण.

मार्चमध्ये पगारवाढ झाली, एक पूर्णांक आठ.
ब्रेंट म्हणाला, वर्ष कठीण आहे, तरीही.
हातात दर पंधरवड्याला चोवीस डॉलर जास्त आले
आणि त्याच पंधरवड्यापासून
आमच्या स्वतःच्या आरोग्यविम्याचा हप्ता एकोणतीसने वाढला.
विमा कंपनीत काम करून
विमा परवडत नाही, हे मी आईला सांगितलं नाही.
तिला वाटतं मी ऑफिसात बसते.

न्याबोथने मेमध्ये सोडलं.
आता गोदामात खोकी उचलते, तासाला तीन डॉलर जास्त,
आणि खोकी रडत नाहीत, म्हणाली.
तिच्यासाठी केक आला होता.
केक कापून वाटला,
मग तिच्या साठ फायली वाटल्या.
माझ्या वाट्याला कडेचा तुकडा आणि अकरा फायली.

शनिवारच्या गारांनी माझंही छप्पर फोडलं.
शेगडीच्या वर टपटप. पातेलं लावलं,
आमच्याच कंपनीचा नंबर फिरवला,
बावन्न मिनिटं तेच संगीत ऐकलं
जे मी लोकांना ऐकवते.
मग एक कोवळा आवाज:
"मला तुमची अडचण समजते."
अठ्ठाविसावा सेकंद. घड्याळाकडे माझं लक्ष होतं.

तिचा श्वास उथळ चालला होता.
मी सगळं तिच्या रकान्यांच्या क्रमाने सांगत गेले,
पॉलिसी, तारीख, छपराचं वय,
घसारासुद्धा मीच सांगितला, माझ्याविरुद्ध.
चार मिनिटांत फाइल उघडून झाली.
आणखी काही मदत हवी का, तिने विचारलं.
मी म्हटलं, जेवलीस का?

पाच सेकंद काही नाही.
चारच्या वर शांतता गेली की नोंद होते.
"फोन केल्याबद्दल धन्यवाद," ती म्हणाली,
पण आवाज आधीचा नव्हता.

सोमवारी सव्वादहा झाले. व्हाव्रा नाहीत.
साडेदहा.
रांगेत बावीस माणसं ताटकळत,
ब्रेंट काचेआड उभा.
मीच त्यांचा नंबर लावला.
बाहेर फोन केला की यंत्र कारण विचारतं,
यादी मोठी आहे, छप्पर, वाहन, थकबाकी, वारस,
शेवटपर्यंत खाली गेले, माझं कारण त्यात नव्हतं.
इतर, असं निवडलं
आणि घंटा वाजू दिली.